रक्तपेढीतला नवा कॉम्प्युटर

इस्पितळात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तक्रार काहीही असो, पडदा काळा पडो की प्रिंटर कागद गिळो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्लग काढून परत घातलात का?" म्हणून ते प्लगकाका. बावीस वर्षं इस्पितळातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल त्यांच्याकडे होती. माणूस कामाला वाघ, पण आपल्या यंत्राला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. वर्षभरापूर्वी कुणीतरी सिनेमा बघायला पेनड्राइव्ह लावला आणि व्हायरसनं अर्धं इस्पितळ दोन दिवस आडवं केलं. तेव्हापासून काकांनी सगळ्यांचे हातच बांधून टाकले. प्रत्येकानं आपापल्या लॉगिननं कॉम्प्युटर उघडायचा, नेमून दिलेलं काम करायचं आणि बंद करायचा. नवीन काही टाकायचं असलं, एखाद्या फोल्डरात साधी ओळ जरी लिहायची असली, तरी अधिकार एकट्या काकांना. लोक कुरकुरले, पण व्हायरस परत आला नाही, त्यामुळे काकांची मान ताठ.

त्या मंगळवारी ते सकाळी साडेनऊलाच रक्तपेढीत हजर होते. तिथला जुना कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळी गचकला होता. आतली डिस्क खर्रखर्र वाजली आणि गप्प झाली. नवा आणून त्यांनी टेबलावर ठेवला होता. रक्तपेढी म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, भिंतीला लागून तीन मोठे फ्रीज, त्यांच्यावर तापमानाच्या गोल तबकड्या, मधे ओटा आणि खिडकीशी हे टेबल. पेढी सांभाळायची ती ताई. पस्तिशीची, बारीक चणीची, बोलायला कमी आणि कामाला चोख. एका हातानं रक्ताची पिशवी हलवत दुसऱ्या हातानं लेबल चिकटवायची आणि अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

"काका, किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"तासाभरात चालू. तुम्ही तुमचं बघा."

सव्वादहाला भिंतीवरचा फोन वाजला. ताईनं उचलला, ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. वर ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टरबाई बोलत होत्या. ज्या पोरीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात व्हायचं होतं ती आत्ताच आली होती. रक्त थांबत नव्हतं. बाळ लगेच काढावं लागणार होतं.

"तीच का?" ताईनं विचारलं. "ती विरळ्या गटाची?"

तीच होती. तिचा रक्तगट असा, की लाखात एखाद्याशी जुळावा. फ्रीजमधल्या नव्वद पिशव्यांपैकी एकही तिला चालणार नव्हती. दिली असती तर ती विषासारखी अंगात भिनली असती. डॉक्टरांनी हे आधीच ओळखलं होतं. तिच्या गटाचे तीन रक्तदाते पेढीच्या नोंदीत होते, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना बोलवून रक्त काढून ठेवायचं ठरलंही होतं. पण ते पुढच्या आठवड्यात.

"बोलवते," ताई म्हणाली. "लगेच बोलवते." फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं. तिघांची नावं, पत्ते, नंबर, सगळं डेटाबेसमध्ये होतं. डेटाबेस दुसऱ्या इमारतीतल्या सर्व्हरवर सुखरूप होता, पण त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता फक्त या टेबलावरून जात होता. आणि टेबलावर हा नवा, कोरा कॉम्प्युटर.

"काका, मला तीन नंबर पाहिजेत. आत्ताच्या आत्ता."

"वहीत नाहीत?"

"वह्या गोदामात गेल्या ना गेल्या वर्षी. कागद बंद केले आपण." नियमाप्रमाणे दात्यांचे नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायलाही बंदी होती, आणि ताईनं नियम पाळला होता. तिनं गोदामाकडे एका शिपायाला पिटाळलं. गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, किल्ली तिसऱ्याकडेच. मग ती दुसऱ्या रक्तपेढ्यांना फोन लावत बसली. "आहे का हो? नाही? बरं." प्रत्येक "बरं" आधीच्यापेक्षा हळू. शेवटी एकीकडे सापडलं, पण ते गाव पाच तासांवर.

काकांनी बाह्या सारल्या. पेढीचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याला सर्व्हरशी बोलायला मधे एक दुभाष्या लागायचा, त्याला म्हणायचं क्लायंट. काकांनी बाजारातला सगळ्यात नवा दुभाष्या बसवला होता आणि जुन्या सॉफ्टवेअरनं त्याला ओळखच दाखवली नाही. क्लायंट सापडत नाही, म्हणे. समोर बसलाय आणि सापडत नाही! काकांनी तो काढला, आपल्या कपाटातली जुनी डिस्क धावत जाऊन आणली आणि जुना बसवायला घेतला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. नव्वद टक्क्यांवर येऊन अडली. काकांच्या कपाळावर घाम. मग ती पुढे गेली.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बायकी चपलांचा जोड.

"रक्त इथंच मिळतं ना?" तिनं विचारलं. "मी तिची मोठी बहीण. मला वरून पाठवलंय. माझं घ्या. सख्खी बहीण आहे मी, जुळेल की."

ताईनं तिचं बोट टोचून तपासलं. सख्ख्या बहिणीचं कधीकधी जुळतंही. हिचं जुळलं नाही. ते सांगताना ताई तिच्याकडे बघू शकली नाही.

"मग कुणाचं जुळतं?"

"आहेत तिघं. त्यांनाच शोधतोय."

बहीण बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. धाकट्या बहिणीच्या त्या चपला तिनं खाली ठेवल्या नाहीत.

क्लायंट बसला. आता त्याला सर्व्हरचा पत्ता सांगायचा होता. जुन्या कॉम्प्युटरबरोबर तोही गेला होता, पण काकांच्या डायरीत तो टिपलेला होता. त्यांनी एकेक आकडा ताडून लिहिला. अकराला पाच कमी होते. ताईनं आपलं लॉगिन टाकलं. सॉफ्टवेअरची निळी खिडकी उघडली, दोघंही श्वास रोखून बघत राहिली, आणि खिडकी पापणी लवायच्या आत मिटली. मागे एक लांबलचक ओळ राहिली, सुरुवातीलाच: परवानगी नाकारली आहे.

"तुमच्या लॉगिनला अधिकारच नाहीत काही," काका म्हणाले. "सरका. माझ्यानं उघडतो."

बावीस वर्षांत हा उपाय कधी वाया गेला नव्हता. काकांचं लॉगिन म्हणजे इस्पितळातली सगळी कुलपं उघडणारी किल्ली. त्यांनी ते टाकलं. खिडकी या वेळी मिटली नाही, पण आत यादीही आली नाही. नवीनच ओळ आली: या वापरकर्त्याला प्रवेश नाही.

काका गार पडले. मला प्रवेश नाही? मला?

"सर्व्हरच नव्या कॉम्प्युटरला आत घेत नाहीये," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "जुन्याला ओळखत होता, याला ओळखत नाही. तसंच असणार."

ताई म्हणाली, "काका, माझ्या लॉगिननं निदान उघडून मिटत होतं. तुमच्यानं तर..."

"ताई, प्लीज! मला काम करू द्या."

ती आपल्या फोनांकडे वळली. तेव्हा घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. ही वेळ काकांना पुढे कधीच विसरता आली नाही.

त्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या साहेबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. त्यांच्या हाताखालच्या माणसाला लावला, तो म्हणाला, साहेब विमानात आहेत, दीड वाजता उतरतील, आणि मला तर सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकायचीसुद्धा मुभा नाही. काकांनी फायरवॉल बंद केली, चालू केली. केबल बदलली. नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं नाव दिलं, जुन्याचा नंबर दिला, तो बंद करून पुन्हा उघडला. प्रत्येक वेळी तीच ओळ. जिना उतरून ते दुसऱ्या इमारतीकडे धावले, सर्व्हरच्या खोलीचं कुलूप हलवून बघितलं, उगाच, आणि धापा टाकत परत आले. मधे एकदा भिंतीवरचा फोन वाजला. डॉक्टरबाईंचा आवाज आता तुटक झाला होता.

"बाळ काढलं. जिवंत आहे. आईचं थांबत नाहीये. मी सलाइनवर किती वेळ ओढू? मला रक्त पाहिजे, ताई."

"देते," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दारातून बहिणीनं विचारलं, "सापडले का?" ताईनं मान हलवली. काकांनी पुन्हा लॉगिन टाकायला घेतलं. साधा पासवर्ड दोनदा चुकला. त्यांच्या मनात आलं, आपण इथून उठून चालायला लागावं, फाटकाबाहेर, सरळ, आणि थांबूच नये. आपल्याला काही येत नाही, बावीस वर्षं आपण लोकांना फसवलं आणि ते आज उघडं पडलं. त्यांनी कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं.

"काका," ताई म्हणाली. या वेळी तिचा आवाज चढलेला होता. अकरा वर्षांत त्या खोलीनं तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "ऐकून घ्या माझं. तुम्ही तुमच्या नावानं आत जाताय. यादी तुमच्या नावावर नाहीच. दात्यांची यादी बघायचा हक्क इस्पितळात एकट्या मला दिलाय, माझ्या लॉगिनला. तुम्ही कितीही मोठे अधिकारी असा, ती तुम्हाला कशी दिसेल?"

काकांनी डोकं वर केलं.

"मग तुमच्यानं का मिटतं?"

"ते तुम्हाला माहीत! मला काय विचारता? त्या ओळीत काय लिहिलं होतं ते धड वाचलंत तरी का?"

नव्हतं वाचलं. "परवानगी नाकारली आहे" एवढंच वाचून त्यांनी ताईला बाजूला सारलं होतं. आता त्यांनी पुन्हा ताईच्या लॉगिननं उघडलं आणि मिटल्यावर उरलेली ओळ शेवटपर्यंत वाचली. नकार सर्व्हरनं दिलाच नव्हता. सॉफ्टवेअर उघडताना आपल्याच फोल्डरात एक छोटी नोंद लिहायचं, कोण आलं, किती वाजता आलं, अशी. ती नोंद लिहायला या कॉम्प्युटरनं मनाई केली होती. आणि मनाई का केली होती? कारण कर्मचाऱ्यांनी कुठल्याच फोल्डरात काही लिहायचं नाही, असा हुकूम होता. तो काढला होता काकांनी. काल रात्री नव्या कॉम्प्युटरवर तो चढवलाही काकांनीच होता, स्वतःच्या हातानं. जुन्यावर या एका फोल्डराला दिलेली सूट नव्यावर द्यायला मात्र ते विसरले होते.

त्यांनी स्वतःच्या लॉगिननं शिरून त्या एका फोल्डरावर माउसचं उजवं बटण दाबलं, अधिकारांच्या पानावर ताईचं नाव घातलं, "लिहू द्यावं" या चौकटीत खूण केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. बाहेर आले, ताईनं लॉगिन टाकलं. निळी खिडकी उघडली आणि उघडीच राहिली.

अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटं.

ताईनं यादी काढली. तीन नावं. पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. दुसरा एका म्हाताऱ्या बाईनं उचलला, म्हणाली, मुलगा परदेशात गेला, दोन वर्षं झाली, तुम्ही कोण? ताईनं माफी मागून फोन ठेवला. तिसरा वाजत राहिला. काका भिंतीला टेकून उभे होते. नवव्यांदा वाजल्यावर कुणीतरी उचलला, मागून कर्रर्र आवाज येत होता. तो काच कापणारा होता. इस्पितळापासून चार चौक पलीकडे त्याचं दुकान.

"आलो," तो म्हणाला. "हात धुतो आणि आलो."

तो काचा वाहायच्या टेम्पोतच आला, केसांत काचेची पूड घेऊन. ताईनं त्याला आडवं केलं, सुई लावली. पिशवी भरायला लागली. मग तपासण्या, मग जुळवणी. त्यातलं काहीही टाळता येण्यासारखं नव्हतं आणि ताईनं काहीही टाळलं नाही, फक्त तिच्या ओठांचा रंग उडाला होता. एक वाजायला दहा मिनिटं असताना तिनं पिशवी बहिणीसमोरून धावत वर नेली.

पोरगी वाचली. पण डॉक्टरबाईंनी साडेबारापर्यंत वाट बघून गर्भाशय काढून टाकलं होतं. त्याशिवाय रक्त थांबेना, आणि थांबवल्याशिवाय ती हातची गेली असती. मुलगी झाली होती, दोन किलोची. ती आता काचेच्या पेटीत होती. दुसरं मूल होणार नव्हतं.

दुपारी काका डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दाराशी गेले. त्या खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या, पायात अजून थिएटरमधल्या चपला.

"बाई, चाळीस मिनिटं आधी पिशवी आली असती तर?"

त्यांनी डोळे उघडले. "तर कदाचित वाचलं असतं. कदाचित नसतं. मला माहीत नाही, काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही."

अधीक्षक साहेबांनी त्यांना बोलवून घेतलं. अहवाल तयारच होता. कारणाच्या रकान्यात "सर्व्हरशी संपर्क तुटला" असं लिहिलेलं. "सही करा," साहेब म्हणाले. "यंत्राचं काय, यंत्र आहे. बिघडायचंच."

"सर्व्हर चालू होता, साहेब."

"अहो, कोण विचारतंय?"

काकांनी ती ओळ खोडली आणि वर आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं: नव्या कॉम्प्युटरवर मी घातलेल्या बंदीमुळे सॉफ्टवेअर उघडलं नाही. पेढीच्या ताईंनी अकरा वाजून सात मिनिटांनी योग्य दिशा दाखवली होती. मी ऐकलं नाही. खाली सही केली. साहेब त्यांच्याकडे वेड लागल्यासारखे बघत राहिले.

मग ते बाकापाशी गेले. बहीण तिथंच होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, एकही शब्द न गाळता. ती ऐकत होती की नाही तेही कळेना.

"ती वाचली ना?" शेवटी तिनं विचारलं.

"वाचली."

"मग आज मला तेवढंच राहू द्या. बाकीचं तिला सांगा, ती बसायला लागली की. गेलंय ते तिचं."

हे त्यांना सगळ्यात जड गेलं. चार दिवस ते त्या वॉर्डाच्या जिन्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. घरी बायको म्हणाली, "तुम्ही सांगून काय होणार? जखमेवर मीठ." कदाचित तिचंही खरं होतं. पाचव्या दिवशी ते गेले.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. वय तेवीस-चोवीस, चेहरा अजून कागदासारखा. त्यांनी सांगितलं. फोल्डर, लॉगिन, हुकूम, पेढीतल्या ताईंचं न ऐकणं, तिला समजेल अशा शब्दांत. ते थांबल्यावर ती म्हणाली,

"म्हणजे त्या ताईंनी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसवलंत त्यांना."

"हो."

ती खिडकीकडे बघत राहिली. खाली अंगणात कुणीतरी बादली आपटत होतं. काकांना वाटलं, आता ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकून मारेल. त्यांनी ते सोसायची तयारी केली होती.

"मला दोन मुली पाहिजे होत्या," ती म्हणाली. "आम्ही दोघी आहोत ना, मी आणि माझी ताई. तसं." तिनं पांघरुणाची घडी सारखी केली. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी काही बोलणार नाही. जा तुम्ही."

काका वळले.

"थांबा. त्या पेढीतल्या ताईंना वर पाठवता? मला त्यांना भेटायचंय."

ते तळमजल्यावर आले. ताई लेबलं चिकटवत होती. त्यांनी निरोप दिला. तिनं हातमोजे काढले, केसांवरून हात फिरवला आणि क्षणभर घाबरल्यासारखी उभी राहिली.

"फोन आला तर?" ती म्हणाली.

"मी बसतो."

ती गेली. काका तिच्या खुर्चीत बसले. तीनही फ्रीज गुरगुरत होते. दहाएक मिनिटांनी भिंतीवरचा फोन वाजला. लहान मुलांच्या वॉर्डातून कुणीतरी घाईघाईत एक गट, दोन पिशव्या आणि खाटेचा नंबर सांगत होतं. काकांनी पेन घेतलं.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "मी लिहून घेतो आणि तुम्हाला परत वाचून दाखवतो."